गिरणी चालू आहे तोवर बोलून घ्या

गिरणीवाल्या बाईला कुजबुजता येत नाही. मी कुणाच्या कानाशी लागले, तर पलीकडच्या गोठ्यातली म्हैस मान वळवून बघते. सगळा जन्म राहू गावात पिठाची गिरणी चालवण्यात गेला आणि त्या खडखडाटात बोलून बोलून आवाज जो एकदा वर चढला तो खाली उतरायचा विसरूनच गेला. नात म्हणते, "आजी, तुला फोन कशाला लागतो? नुसती खिडकी उघडत जा." या अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून "तुमच्या कामाबद्दल चार शब्द लिहा" म्हटलं, तेव्हा मी अगदी मायेनं "बरं हं" म्हणाले. पलीकडं काहीतरी काचेचं पडून फुटलं.

आधी धंदा सांगते. लोकांना वाटतं, त्यात काय, वरून दाणे ओतायचे न् खालून पीठ घ्यायचं. आत दोन दगड असतात. एक गप्प बसतो, दुसरा गरागरा फिरतो. (संसारासारखं, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणत नाही, मालक शेजारीच बसलेत.) वर पत्र्याचं नरसाळं, खाली कापडाची लांब बाही आणि बाहीच्या तोंडाशी तुमचा डबा. दगड गुळगुळीत झाले की छिन्नी-हातोडी घेऊन त्यांना टाकी लावायची, म्हणजे पुन्हा खरखरीत करायचं. हे सगळं मी करते. मनगटं बघाल तर पैलवानाची वाटतील.

दोन गोष्टी गिरणीत पाळाव्याच लागतात. पहिली, कुणाच्या मागं कुणाचं दळायचं याचं भान. दगडाच्या पोटात मूठभर पीठ अडकून राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. बाजरीवर गहू घातला तर गव्हाची मालकीण भांडायला उभी राहते. उपवासाची भगर असेल तर सगळ्यांच्या आधी, झाडूनपुसून. तरी व्हायचं ते होतंच. निवडणुकीत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या इथल्या दोन्ही पार्ट्या आयुष्यभर एकमेकांचं मूठमूठ पीठ खात आल्यात. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता छापून आल्यावर बघू.

दुसरी गोष्ट, दगड रिकामा फिरू द्यायचा नाही. दाणे संपत आले की गिरणीचा आवाज बदलतो, घुमायचं सोडून किंचाळायला लागते. तसंच चालू ठेवलं तर ठिणग्या उडतात, जळका वास सुटतो, दगडाची वाट लागते. तेवढ्यात लाल बटण दाबायचं. तो बदलता आवाज मला पाठीनंसुद्धा ऐकू येतो. पाठीचं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मूळ मुद्द्याचा तो खडखडाट. आमची जुनी गिरणी चालू झाली की शेजारणीचं बोलणं शेजारणीला ऐकू येत नाही. कानाला तोंड लावूनच बोलावं लागतं. आणि गंमत अशी, की कानाला तोंड लावलं की बाईच्या तोंडातून भलतंच बाहेर येतं. "यंदा कांद्याचं काय" असं विचारायला वाकलेली बाई मनातलं सगळं ओतून मोकळी होते. घरी भिंतींना ऐकू जातं, विहिरीवर पाण्याला. गिरणीत कुणालाच काही ऐकू जात नाही, अशी सगळ्यांची खात्री.

मला ऐकू जात नव्हतंच. मला दिसत होतं.

वर्षानुवर्षं त्या आवाजात उभं राहिलं की डोळे आपोआप ओठांवर जातात. आधी "गहू", "बाजरी", "बारीक दळ" एवढंच कळायचं, मग सगळंच कळायला लागलं. ‘बाबा’ आणि ‘मामा’ ओठांवर सारखेच दिसतात, तेवढा घोटाळा सोडला तर एक शब्द सुटत नसे.

आणि ही विद्या कुणाच्या हाती पडली? माझ्या! मी शिरूरची. तालुक्याच्या गावची, मॅट्रिक झालेली, आणि या दोन्ही गोष्टी लग्नाच्या मांडवातच सगळ्या वऱ्हाडाला सांगून टाकलेल्या. राहूच्या बायकांना अक्कल वाटायलाच देवानं आपल्याला इकडं दिलंय, असं मला मनापासून वाटायचं. दोन वेण्या, कपाळावर पिठाचा पट्टा आणि चेहऱ्यावर कलेक्टरीणबाईंचा रुबाब. आज ती पोरगी भेटली तर मी तिला आधी नरसाळ्यात घालीन.

एकदा सुमन नावाची नवी सून दळण घेऊन आली. गिरणी जोरात चालू. ती मैत्रिणीच्या कानात सांगत होती, "रोज सकाळी अर्धा तास आरशापुढं भांग पाडत बसत्यात. आरसा मला बघून दमला, पर त्यांनी काय माझ्याकडं एकदा मान वळीवली न्हाई." सांगता सांगता हसत होती आणि डोळ्यांत पाणीही होतं. मी दगडापाशी. मला राहवेना. ओरडले, "अगं सुमे, मग आरसाच फोडून टाक की!"

माझ्या त्या वेळच्या मते हा फार उत्तम सल्ला होता. रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. सुमन हसली नाही. अर्धवट दळलेला डबा उचलला आणि गेली. त्यानंतर तिच्या घरचं दळण तिची सासू आणायची. सुमन आलीच कधी, तर पदर तोंडाला लावून. आठ-पंधरा दिवसांत सगळ्याच बायका पदर लावायला लागल्या. माझी सासू खूश. म्हणाली, "गावात मर्यादा आली गं बाई." मर्यादा कसली! सासरा समोर आला म्हणून पदर तोंडाला लावतात हे ऐकलं होतं. सिंधू, म्हणजे मी, समोर आहे म्हणून लावणारं राहू हे पहिलंच गाव असेल.

तरी बोलायच्या त्या बोलायच्याच, पण आमच्या मालकांशी. मालक म्हणजे माझे यजमान. त्यांचे कान गिरणीनं केव्हाच खाल्लेले. काट्यापाशी बसून डबे मोजायचे. बायका त्यांच्या कानाशी वाकायच्या आणि माझ्याकडं पाठ करून सगळं सांगायच्या. पुरुषसुद्धा. मालकांचं उत्तर एकच असायचं. मान हलवून म्हणायचे, "व्हय. व्हतंय तसं." एवढ्यावर माणसं डोळे पुसून, डबा उचलून, हलकी होऊन जायची.

माझा नुसता जळफळाट. एकदा एक बाई कितीतरी वेळ बोलून गेल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "काय म्हणत व्हती?"

"कोण?"

"आत्ता बोलून गेली ती!"

"बोलत व्हती व्हय? मला वाटलं, पीठ जाड आलंय म्हणून भांडतीया."

"आन् तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, व्हतंय तसं."

त्या दिवशी माझ्या मॅट्रिकच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. माणसं मनातलं बोलायची का थांबतात, याचं उत्तर मी भलतीकडंच शोधत होते. मला वाटायचं, ऐकणारं कुणी नसतं म्हणून. तसं नाही. ऐकणारा फार तयारीत असतो म्हणून. तुम्ही म्हणावं पाय दुखतो, की तो स्वतःचे दोन्ही गुडघे उघडे करून दाखवतो. नाहीतर लगेच तेलाचं नाव सांगतो. आणि सगळ्यात वाईट तो, जो तेव्हा काही बोलत नाही, पण जपून ठेवतो आणि पुढं कुणाच्या तरी बारशात, भर पंगतीत विचारतो, "मग, पाय कसा हाय आता?" अशी दोन-तीनदा तोंडघशी पडली की माणसं एकच वाक्य पाठ करतात, "काय न्हाई, बरं चाललंय." ते वाक्य मी हजार ओठांवर वाचलंय. ते म्हणताना ओठ नीट उघडतच नाहीत.

तेव्हापासून गिरणी चालू झाली की मी सुपारीचं खांड गालात धरायला लागले. जीभ वळवळली की खांड चावायचं. सल्ले देण्याचं माझं व्यसन असं सुटलं आणि दातांचा डॉक्टर श्रीमंत झाला. हळूहळू पदर खाली आले. सुमननं मात्र आणला नाही. ती बाई पक्की.

आता नंदा आणि हरीआप्पांची गोष्ट. हीच सांगायला बसले होते, बाकी तोंडाला आलं म्हणून लिहिलं.

हरीआप्पा रेल्वेत होते, दौंड जंक्शनला. यार्डात गाड्यांचे डबे जोडा-सोडायचं काम. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजात बोललेला माणूस. नोकरीवरून आले की अंगणातूनच ओरडायचे, "अगं, च्या!" आणि त्या ‘च्या’नं शेजारच्या चार घरी आधण चढायचं. रिटायर झाले आणि घरी बसले. घरात आवाज नाही. इंजिन नाही, शिट्टी नाही, नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा टिकटिकाट. तिथं त्यांना बोलताच येईना. गप्पच झाले. नंदा त्यांची बायको. तिला वाटलं, रागावलेत. ती गप्प झाली. त्यांना वाटलं, ही रागावलीय.

रिटायर झालेल्या पुरुषाला आमच्याकडं पहिलं काम मिळतं ते दळणाचं. आप्पा डबा घेऊन यायचे, गिरणी सुरू झाली की मालकांच्या कानाशी वाकायचे. एकदा मला समोरून दिसलं. "भाजीत मीठच नसतं बाबुराव. मुद्दाम घालत न्हाई ती. मी घरी बसल्याला तिला आवडंना झालंय. मी पण काय म्हणत न्हाई. गप खातो."

मालक म्हणाले, "व्हय. व्हतंय तसं."

दुसऱ्या दिवशी नंदा आली बाजरी घेऊन. तीही मालकांच्या कानाशी. "डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलंय त्यांचं. मला वाटलं, पहिल्याच घासाला घर डोक्यावर घेत्याल. तर एक अक्षर न्हाई! माझ्या हातच्या जेवणाकडंसुद्धा ध्यान न्हाई ओ आता त्यांचं."

"व्हय," मालक म्हणाले, "व्हतंय तसं."

मी सुपारीचा भुगा केला. दोन्ही अर्धुकं माझ्या डोळ्यांपुढं! नुसतं तोंड उघडायचा अवकाश. शिरूरची मॅट्रिक पोरगी माझ्या पोटात उड्या मारत होती, "सांग! ओरड! मीठ!" मी तिला दाबून धरलं. म्हटलं, बये, तुझा आरसा अजून मला पुरलाय.

तेवढ्यात आमच्या महेशनं गिरणीचं नवं यंत्र आणलं. महेश माझा मुलगा, रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो. त्याला स्वच्छ, चकचकीत सगळं लागतं. स्टीलच्या कपाटात बंद चक्की, आवाज म्हणाल तर फ्रिजएवढा. "आई, आता ओरडायला नको. प्रदूषण बंद," म्हणाला. जुनी कोपऱ्यात गोणपाट घालून ठेवली.

प्रदूषण खरंच बंद झालं. बोलणंही. बायका यायच्या, डबा ठेवायच्या, मोबाईल बघत बसायच्या. कुणी शिंकलं तर सगळ्या दचकायच्या. आप्पा यायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. एकादश्या पाठ झाल्या त्यांना. मालकांच्या कानाशी वाकायचं तर त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलावं लागणार, म्हणजे सगळ्या गिरणीला ऐकू जाणार. कोण वाकेल?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा नंदा एकटीच आली. गिरणीत कुणी नव्हतं. डबा ठेवला आणि खाली बघून म्हणाली, "सिंधूआक्का, दिवाळी झाली की मी शिरूरला जाती. लेकीकडं. आता परत यायची न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाई. दोन मुक्या माणसांनी एका घरात बसायचं कशाला? तिथं नातवंडं तरी वरडत्यात. ह्यांना सांगू नका. सांगितलं तर ‘बरं’ म्हणत्याल, आन् ते मला ऐकवायचं न्हाई."

माझ्या गालात सुपारी नव्हती. तरी बोलले नाही. आयुष्यात एवढा जड डबा मी उचलला नव्हता.

रात्रभर नाही, पण चहाच्या दोन कपांपुरता मी विचार केला. मग महेशला म्हटलं, "चकलीची भाजणी नव्या यंत्रावर नीट निघत न्हाई. जुनी गिरणी चालू कर."

"आई, नव्या यंत्रावर भाजणी छान येते."

"तुला काय कळतंय? चकल्या कोण तळतं?"

जुनीला टाकी लावली, पट्टा चढवला. मग नंदाला फोन केला. "उद्या चारला भाजणी घेऊन ये. डबा धरायला माणूस आण, माझं मनगट दुखतंय. माणूस न्हाई, तर दळण न्हाई!" माझा फोन असल्यामुळं शेजारी बसलेल्या आप्पांना वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. आप्पा डबा घेऊन पुढं, नंदा मागं. रांगेत दोन-तीन बायका, त्यात सुमन. तीही आता सासू झालेली, पदर तसाच तोंडाला. आप्पा आणि नंदा बाकावर बसले, मधे डबा. आप्पा कॅलेंडर वाचू लागले. नंदा आढ्याकडं बघू लागली. मी दगड झाडून काढला, जरा जास्तच वेळ झाडला. मग भाजणी नरसाळ्यात ओतली, सुपारी गालात धरली आणि हिरवं बटण दाबलं.

काय सांगू, तो खडखडाट! पत्रे हलले, चिमण्या उडाल्या, महेश कान धरून बाहेर पळाला. आप्पांना बाहीपाशी डबा धरायला लावलं, नंदाला बाही धरायला. दोघांची डोकी एका वितीवर. नुसतं पीठ पडतंय. मग मी बघितलं, आप्पांची मान सरळ झाली, छाती वर आली. दौंडच्या यार्डात उभे असावेत तशी. इतक्या महिन्यांनी त्यांना बोलण्यासारखा आवाज मिळाला होता.

ओठ हलले. पहिला शब्द मला दिसला. ‘मीठ’.

मी गर्रकन पाठ फिरवली. बघवेना म्हणून नाही. फार बघवत होतं, म्हणून. भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. समोर बाकावर सुमन. तिचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडं, आणि मोठे मोठे होत चाललेले. मी भुवई उडवली, ‘काय?’ तिनं बोटं उघडझाप करून दाखवलं, ‘बोलत्यात!’ मी पुन्हा भुवई. तिनं दोन्ही हात हवेत नाचवले, ‘भांडत्यात!’ माझी सुपारी विरघळायच्या बेतात.

भिंतीवर माझ्या नाकासमोर लाल बटण. पाठीनं आवाज ऐकत होते. दगड रिकामा फिरू द्यायचा नाही, हा धंद्याचा नियम मी वर सांगितलाच आहे. मी बटण दाबलं.

जुनी गिरणी एकदम थांबत नाही. पट्टा सुस्तावतो, आवाज पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. पण भरात आलेल्या माणसाचा आवाज तसा उतरत नाही. गिरणी गप्प झाली, आणि त्या शांततेत आप्पा, इंजिनाला पुरून उरेल अशा आवाजात:

"तू शिरूरला गेल्यावर मी गप तरी कुणापाशी बसू!"

पीठसुद्धा पडायचं थांबलं. शिरूरचं त्यांना कुणी सांगितलं? मी नाही. नंदानंच सांगितलं असणार, त्या आवाजात. आप्पांचं तोंड उघडंच राहिलेलं, मिशा पांढऱ्याफेक. नंदाही पिठानं माखलेली. तिनं इकडंतिकडं बघितलं. आता सगळ्यांनी ऐकलंच आहे म्हटल्यावर तीही कडाडली, "मग एवढं तरी आधी सांगायचं की वो!"

"घरात लई शांतता हाय गं," आप्पा बारीक आवाजात म्हणाले. "वरडल्यासारखं वाटतं."

"मग वरडा की! आजवर काय गात व्हता?"

सुमनला हसू आवरेना. हसता हसता पदर कधी सुटला ते तिलाच कळलं नाही. पुढचे दोन दात पडलेत तिचे. मला माहीतच नव्हतं.

नंदा शिरूरला गेली. चकल्यांचा डबा घेऊन, आप्पांना घेऊन. दोन दिवस राहून दोघं परत आली. आता जेवायच्या वेळी त्यांच्या घरातून "मीठ!" अशी आरोळी येते, त्यावर "डॉक्टरला विचारा!" असं उत्तर जातं, आणि आळीतल्या लोकांना कळतं, साडेबारा वाजले. दळणाला जोडीनंच येतात, पाव डबा ज्वारी घेऊन. त्यांची ज्वारी कधी पुरतच नाही.

महेशचं यंत्र आहे, घाईवाल्यांसाठी. मी प्रत्येकाला विचारते, "नव्यावर दळू का जुन्यावर?" बहुतेक जण इकडंतिकडं बघतात आणि म्हणतात, "जुन्यावरच घ्या मावशी. घाई न्हाई."

त्या दिवशीचं एक राहिलंच. सगळे गेल्यावर मालक आणि मी झाडलोट करत होतो. मालकांनी नरसाळ्यात हात घातला. आत चांगली ओंजळभर भाजणी शिल्लक. दगड रिकामा व्हायला अजून बराच अवकाश होता. त्यांनी भाजणीकडं बघितलं, लाल बटणाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"व्हय," म्हणाले, "व्हतंय तसं."